दोन भेटींमधले चार आठवडे

दातांना तारा लावून घेणे ही मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांपुरतीच गोष्ट आहे, असा जो समज आपल्याकडे दीर्घकाळ दृढमूल होता, तो अलीकडच्या काळात हळूहळू मोडीत निघाला असून, आता तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडवर सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मुलामुलींकडे कोणी लक्षपूर्वक पाहिले, तर हसताना चमकणारी एखादी तार त्याच्या दृष्टीस पडल्यावाचून राहणार नाही. फुलंब्री हे असेच एक गाव. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या मार्गावर, हर्सूल आणि चौक्याचा घाट मागे टाकल्यानंतर लागणारे, गिरिजा नदीच्या काठचे, मका, कापूस आणि आले पिकविणाऱ्या तालुक्याचे हे ठाणे शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरांवर आहे. आठवडी बाजाराला किंवा कचेरीच्या कामाला जाणाऱ्याच्या दृष्टीने हे अंतर काहीच नाही. परंतु ज्याच्या मुलीचा उपचार दीड-दोन वर्षे चालणार आहे, आणि ज्याला दर चार ते सहा आठवड्यांनी तिला घेऊन डॉक्टरांसमोर हजर व्हावयाचे आहे, त्याच्या हिशेबात प्रत्येक फेरी म्हणजे मुलीचा शाळेतला एक खाडा, स्वतःचा एक रोज, दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे, आणि ती फेरी ऐन कापूस वेचणीत आली तर शेतावरचे एक माणूस कमी, असा जमाखर्च मांडला जातो.

शहरात घाटीच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय रुग्णालयाच्या, आवारात १९८२ साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेथे तज्ज्ञ अध्यापकांच्या देखरेखीखाली खाजगी दवाखान्याच्या मानाने पुष्कळच कमी खर्चात उपचार होतात, आणि जे उपचार एरवी सधनांचीच मिरास ठरले असते ते मराठवाड्यातील सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आले, याचे श्रेय या संस्थेकडे जाते. तथापि डॉक्टर कितीही निष्णात असोत, भेटीच्या वेळी तार बदलणे, ती आवळणे, रबरी कड्या नव्याने बसविणे यांत थोडी मिनिटे जातात, आणि त्यानंतरचे चार आठवडे ते तोंड त्या मुलाच्या व त्याच्या घरच्यांच्या स्वाधीन असते. मला जे मांडावयाचे आहे ते या चार आठवड्यांविषयी. आणि जो मोबाइल फोन आज तालुक्यातील घरोघरी येऊन बसला आहे, तो या अवधीत मुलांचे दात राखण्याच्या कामी कसा व कितपत लावता येईल, याविषयी.

तार स्वतः दाताला कीड लावीत नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे, कारण तारांनी दात खराब होतात ही तक्रार आपल्याकडे इतक्या सहजपणे केली जाते की काही पालक त्या भीतीने मुलांना उपचारापासूनच वंचित ठेवतात. दाताच्या दर्शनी अंगावर जे लहान ठोकळे चिकटविलेले असतात, ज्यांना डॉक्टर ब्रॅकेट म्हणतात आणि गावात लोक सरसकट क्लिपा म्हणतात, त्यांच्या कडांभोवती व तारेच्या खाली अशा अनेक सांदी निर्माण होतात की जेथे जीभ, ओठ आणि लाळ यांच्याकडून होणारी स्वाभाविक सफाई पोहोचत नाही. अन्नाचे कण तेथे अडकतात आणि जंतूंचा चिकट थर साठत जातो. हे जंतू साखर व पिठूळ पदार्थ यांवर जगतात आणि आम्ल तयार करतात. गोड खाल्ल्यानंतर काही मिनिटांतच त्या थरातील आम्लता वाढते, पी.एच. या तिच्या उलट्या मापाचा आकडा साडेपाचाच्या आसपास किंवा त्याखाली उतरला की दाताच्या सर्वांत बाहेरच्या कठीण कवचातील, म्हणजे दंतवल्कातील, कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात, आणि लाळेच्या साहाय्याने पूर्वस्थिती येण्यास अर्धा तास, कधी तासभरही लागतो. अमेरिकेत रॉबर्ट स्टेफन यांनी १९४० च्या दशकात हा चढउतार प्रत्यक्ष मोजून दाखविला, आणि दिवसभरात एकूण किती साखर खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली याला दंतवैद्यकात जे महत्त्व आले, त्याचा आधार याच प्रकारच्या मोजमापात आहे.

कवच विरघळू लागल्याची पहिली खूण म्हणजे ब्रॅकेटच्या कडेने उमटणारा खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग. तो दुखत नाही, ठणकत नाही, थंड पाण्याने झिणझिण्या आणीत नाही. म्हणून मूल त्याची तक्रार करीत नाही आणि आईबापांना तो दिसत नाही. १९८२ साली गोरेलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशा रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत तारांचा उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे निम्म्या जणांच्या दातांवर हे पांढरे डाग वाढलेले आढळले, आणि वरच्या समोरच्या दातांच्या शेजारचे दात, म्हणजे हसताना नेमके दिसणारे, त्यांत विशेष सापडले. १९८८ साली ओगार्ड यांनी नॉर्वेमध्ये केलेल्या प्रयोगाने तर कालावधीचाच उलगडा केला: जेथे थर मुद्दाम साठू दिला होता, तेथे डोळ्यांना दिसेल असा डाग चार आठवड्यांत तयार झाला. म्हणजे डॉक्टरांच्या दोन भेटींमध्ये जितके अंतर असते, तितक्याच अवधीत दंतवल्काला उघड इजा होऊ शकते. या एका गोष्टीचा जितका विचार करावा तितके हे स्पष्ट होत जाते की, महिन्यातून एकदा तोंड तपासण्याचा शिरस्ता तार आवळण्यासाठी पुरेसा असला, तरी दात वाचविण्यासाठी पुरेसा नाही.

तार असलेले दात घासणे हे साध्या दातांपेक्षा कष्टाचे काम आहे. ब्रशाचे केस हिरडीकडे तिरपे धरून आधी ब्रॅकेटच्या वरच्या अंगाने, मग उलट बाजूने खालच्या अंगाने, नंतर चावण्याच्या पृष्ठावर व आतल्या बाजूस, आणि शेवटी तारेखालून दोन ब्रॅकेटांमधल्या फटीत बारीक गोल ब्रशाने, असा हा क्रम आहे. एरवी जेथे दोन मिनिटे पुरतात तेथे चार-पाच मिनिटे सहज लागतात. फ्लुओराइडयुक्त पेस्ट, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास फ्लुओराइडची चूळ, हे यातले खरे औषध. ते विरघळलेल्या कवचाची पुनर्घडण होण्यास मदत करते. परंतु सर्वांत मोठी अडचण आहे ती वेळेची. आपल्याकडे दात घासणे हे प्रातर्विधींपैकी एक मानले गेले. सकाळी उठून तोंड धुतल्याखेरीज चहाला हात न लावण्याची शिस्त खेड्यातल्या घरांनीही कसोशीने पाळली, पण रात्रीच्या जेवणानंतर दात घासण्याची चाल तितकी रुजली नाही. झोपेत लाळ कमी पाझरते, तोंडाचे नैसर्गिक संरक्षण त्या सहा-सात तासांत क्षीण होते, आणि रात्रीच्या भाकरीचे, भाताचे, दुधातल्या साखरेचे अंश तारेखाली राहिले तर जंतूंना सकाळपर्यंत मोकळे रान मिळते. ज्या घरांतून मिश्री लावण्याची चाल अद्याप टिकून आहे, तेथे एवढीच ताकीद द्यावीशी वाटते की तंबाखू जाळून केलेली ती पूड कोणत्याही दाताला हितकर नाही, आणि तार लावलेल्या मुलाच्या हाती तर ती कदापि पडू नये.

या ठिकाणी फोनचा उपयोग सुरू होतो. त्याचे अगदी साधे रूप म्हणजे रात्री ठरलेल्या वेळी वाजणारा गजर किंवा दवाखान्यातून येणारा संदेश. इंग्लंडमधील एका दंतवैद्याने केलेले ब्रश डीजे नावाचे ॲप फोनमधलेच गाणे दोन मिनिटे वाजविते, म्हणजे ते संपेपर्यंत घासणे चालू राहावे. कल्पना सुंदर आहे, परंतु तार असलेल्या मुलाने दोन मिनिटांचे एक गाणे पुरेसे न मानता ते दोनदा वाजवावे, असे मी सांगेन. याहून पुढची पायरी म्हणजे ज्यांच्या दांड्यात बसविलेली यंत्रणा किती वेळ घासले, किती जोर दिला आणि तोंडाचा कोणता भाग राहिला याची नोंद बिनतारी मार्गाने फोनवर पाठविते, असे विजेवर चालणारे ब्रश. त्यांची किंमत पाहता फुलंब्रीच्या शेतकरी कुटुंबाने त्यांचा मोह धरू नये. साध्या मऊ ब्रशाने तेच काम होते, आणि त्या पैशांत दोन वर्षे पुरतील इतके फटीतले गोल ब्रश व पेस्ट विकत घेता येतात.

निव्वळ आठवण करून दिल्याने माणूस सुधारतो का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्याचे प्रामाणिक प्रयत्न झाले आहेत. इटलीत फ्रांचेस्का झोत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला त्यांतला सर्वांत उद्बोधक वाटतो, कारण त्यात वापरलेले साधन आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. तारा लावलेली ८० किशोरवयीन मुले त्यांनी घेतली. निम्म्यांना नेहमीप्रमाणे सूचना दिल्या, आणि उरलेल्या निम्म्यांना त्याखेरीज एका व्हॉट्सॲप गटात सामील करून, दर महिन्याला आपल्या दातांची दोन छायाचित्रे तेथे सर्वांना दाखविण्याची जणू स्पर्धा लावून दिली. दर तीन महिन्यांनी, वर्षभर, तोंडांची तपासणी झाली. सहाव्या महिन्यापासून पुढच्या प्रत्येक तपासणीत गटातल्या मुलांच्या दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज ही दोन्ही इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होती, आणि नवे पांढरे डाग व कीड यांचे प्रमाणही कमी भरले. या प्रयोगाकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: फरक ठळक व्हावयास सहा महिने लागले. पहिल्या पंधरा दिवसांत मुलाने कुरकुर केली म्हणून फोन बाजूला ठेवून देणाऱ्या पालकांनी हा कालावधी मनाशी धरावा.

नेदरलँड्समधील दुसरा प्रयोग वेगळ्या वाटेने गेला. तेथे शेरमन आणि सहकाऱ्यांनी व्हाइटटीथ नावाचे ॲप तयार केले आणि १२ ते १६ वयाच्या १३२ मुलांवर ते पारखले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बारा आठवड्यांनी ॲप वापरणाऱ्यांच्या दातांवरील थर इतरांपेक्षा कमी झाला होता. या ॲपच्या मुळाशी असलेला मानसशास्त्रीय विचार आपल्या घरातही उपयोगी पडणारा आहे. दात घासले पाहिजेत हे कोणत्या मुलाला माहीत नसते? तसा संकल्पही ते करते. पण संकल्प आणि कृती यांच्यामध्ये जी दरी असते ती केवळ उपदेशाने भरून निघत नाही. ती भरून काढण्यासाठी मुलाकडून असे ठरवून घ्यावे लागते की कधी, कोठे आणि कशानंतर घासणार. आणि लग्नाला गेलो, वीज गेली, नळाला पाणी नाही, अभ्यासाने डोळे मिटू लागले, असे झाल्यास काय करणार, हेही आगाऊ ठरवून ठेवावे लागते. त्या ॲपने हे प्रश्न मुलांना विचारले आणि त्यांची उत्तरे त्यांच्याकडूनच घेतली. आईने एका संध्याकाळी मुलाजवळ बसून हेच प्रश्न विचारले आणि उत्तरे फोनच्या टिपणवहीत त्याच्याच हाताने लिहवून घेतली, तर त्यासाठी कोणतेही ॲप उतरवून घेण्याची गरज नाही.

या क्षेत्रात झालेल्या इतर अनेक लहानमोठ्या प्रयोगांचा एकत्रित विचार करणाऱ्या अभ्यासकांचे साधारण मत असे आहे की संदेश, ॲप व छायाचित्रे यांनी थर आणि हिरड्यांची सूज कमी होते, परंतु बहुतेक प्रयोग थोड्या महिन्यांचे आहेत, आणि नावीन्य ओसरले की मुलांचा उत्साहही ओसरतो. मला यातून जे प्रतीत होते ते असे, की फोनचे सामर्थ्य फोनमध्ये नाही. पलीकडे कोणीतरी आपली नोंद घेत आहे, आपण पाठविलेले छायाचित्र पाहिले जाणार आहे आणि त्यावर दोन शब्द येणार आहेत, या जाणिवेत ते आहे. ज्या संदेशाला उत्तर द्यावयाचे नसते तो संदेश मूल तिसऱ्या आठवड्यापासून वाचीनासे होते. ज्या छायाचित्राखाली डॉक्टरांचे “उजवीकडे वरचा सुळा नीट घास, बाकी उत्तम” एवढेच वाक्य येते, ते छायाचित्र मूल पुढच्या वेळी अधिक स्वच्छ दात करून पाठविते.

याच कारणासाठी, छायाचित्रे पाहण्याचे काम माणसाकडून काढून यंत्राकडे सोपविण्याचा जो प्रघात परदेशात वाढतो आहे, त्याकडे मी आदराने पण सावधपणे पाहतो. फ्रान्समध्ये २०१४ साली स्थापन झालेल्या डेंटल मॉनिटरिंग या कंपनीच्या प्रणालीत रुग्ण फोनला एक खास साधन जोडून घरीच तोंडाची छायाचित्रे घेतो, आणि संगणकीय बुद्धिमत्ता त्यांतून सुजलेली हिरडी, साठलेला थर, निखळलेला ब्रॅकेट ओळखून डॉक्टरांना वर्दी देते. शेकडो रुग्णांचा भार असलेल्या दवाखान्याला ही मदत मोलाची आहे यात शंका नाही. तथापि कॅमेऱ्याला मर्यादा आहेत: दाढांच्या आतल्या बाजू त्याला नीट दिसत नाहीत, ओल्या दातावरची चकाकी आणि खरा पांढरा डाग यांत तो गोंधळू शकतो, आणि दोन दातांमधली कीड तर त्याच्या दृष्टीपलीकडेच राहते. शिवाय ही व्यवस्था खर्चिक आहे. फुलंब्रीसारख्या गावाला आज तिची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. साधा फोन, सकाळचा उजेड आणि उत्तर देणारा डॉक्टर एवढ्यावर पुष्कळ काम भागते.

छायाचित्र घेण्याची रीत मात्र नीट समजून घेतली पाहिजे, कारण घाईने काढलेल्या अंधुक चित्रातून डॉक्टरांना काहीच कळत नाही आणि मग दोघांचाही विश्वास उडतो. मुलाने स्वतः न काढता घरातील दुसऱ्या कोणी फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने ते काढावे, कारण मागचा कॅमेरा बहुधा अधिक चांगला असतो. आधी दात घासून, खळखळून चूळ भरून, समोरचे दात स्वच्छ कोरड्या फडक्याने हलकेच टिपून घ्यावेत. ओला दात चमकतो, आणि पांढरा डाग कोरड्या दातावरच लवकर ओळखू येतो. मुलाला दारात किंवा खिडकीपाशी, तोंडावर उजेड येईल असे उभे करावे, फोनचा दिवा बंद ठेवावा. गाल मागे ओढण्यासाठी उकळत्या पाण्यातून काढून निवविलेले दोन स्टीलचे चमचे पुरतात; मुलाने ते स्वतःच्या दोन हातांनी ओठांच्या कोपऱ्यांत धरून मागे खेचावेत. दात मिटवून समोरून एक, डावीकडून एक, उजवीकडून एक, आणि तोंड उघडून वरच्या व खालच्या रांगेचे एकेक, अशी पाच चित्रे पंधरवड्यातून एकदा, दर वेळी त्याच जागी व त्याच सुमारास घेतली, म्हणजे मागच्या वेळच्या चित्राशी तुलना करणे शक्य होते. दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिली की हिरडीचा लालपणा वाढला की कमी झाला हे शाळकरी मुलालाही समजते, आणि आपल्याच डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्यापुढे त्याला दुसऱ्या कोणाच्या उपदेशाची गरज उरत नाही.

या सर्व चित्रांत सर्वाधिक मोलाचे चित्र पहिले, म्हणजे तारा बसविण्यापूर्वीचे. महाराष्ट्रात नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांच्या काही भागांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लुओराइड अधिक असल्याने तेथे वाढलेल्या मुलांच्या दातांवर जन्माच्या खुणेसारखे पांढरट किंवा तपकिरी पट्टे आधीपासूनच असतात. इतरत्रही लहानपणीच्या तापाने, मार लागल्याने असे ठिपके राहून गेलेले आढळतात. आरंभीची नोंद नसेल तर दोन वर्षांनी तारा काढल्यावर हा डाग उपचारात पडला की पूर्वीचाच, याचा निवाडा करणे डॉक्टरांनाही कठीण जाते आणि उभयपक्षी गैरसमज वाढतात. दवाखान्यात ही छायाचित्रे बहुधा घेतली जातात. पालकांनी त्यांची एक प्रत आपल्या फोनमध्ये मागून घ्यावी.

खाण्यापिण्याविषयी बोलताना शहरी पुस्तकांतून चॉकलेट, च्युइंगगम आणि शीतपेये यांची नावे येतात. ती खरीच आहेत, पण आपल्या तालुक्यातल्या मुलाचा मोह वेगळ्या ठिकाणी असतो. मक्याच्या हंगामात भाजलेले कणीस दातांनी सोलून खाण्यात जे सुख आहे ते तारा असेपर्यंत सोडावे लागते, कारण तेवढ्या जोराने ब्रॅकेट निखळतो आणि तो पुन्हा चिकटविण्यासाठी शहराची एक फेरी वाढते. दाणे सुरीने काढून किंवा उकडून खाण्यास हरकत नाही. ऊस सोलून चावणे, सुपारी फोडणे, कडक चिक्की आणि बोराची आठोळी दाढेखाली धरणे वर्ज्य. थंडीतला हुरडा मऊ असतो म्हणून निर्धोक वाटतो, परंतु ज्वारीचे ते कोवळे दाणे आणि त्यांची साले तारेखाली अशी जाऊन बसतात की शेतातून घरी परतेपर्यंत ती तशीच राहतात. हुरड्याला जाताना मुलाच्या खिशात फटीतला ब्रश आणि सोबत पाण्याची बाटली असू द्यावी. चहात बुडवून खाल्लेले बिस्कीट हे तर दिवसातून तीन-चार वेळा घडणारे आणि कोणालाही गोड न वाटणारे गोड आहे. अशा वेळी निदान चूळ भरण्याची आठवण फोनने दिली तर ती वाया जात नाही.

फोनवर भागवू नये असेही प्रसंग आहेत. तारेचे टोक गालात रुतून जखम झाली, ब्रॅकेट सुटून तारेवर लोंबू लागला, हिरडी ठणकू लागली, तोंडाला किंवा जबड्याला सूज आली, तर छायाचित्र पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नये; दवाखान्याला फोन करावा आणि बोलावल्याप्रमाणे जावे. तार रुतत असल्यास डॉक्टरांनी दिलेले मेण तिच्या टोकावर दाबून ठेवणे हा तात्पुरता इलाज आहे, पण तिला घरच्या पक्कडीने कापण्याचा खटाटोप करू नये. त्याचप्रमाणे छायाचित्रे उत्तम येत आहेत म्हणून ठरलेली तारीख चुकविणे हा फोनचा दुरुपयोग होईल.

आणखी एका बाबीकडे पालकांचे लक्ष वेधणे मला कर्तव्य वाटते. इटलीतल्या प्रयोगात मुलांनी एकमेकांना छायाचित्रे दाखविली. तेथे गटातली मुले एका उपचाराच्या धाग्याने बांधलेली होती. लहान गावात, जेथे शाळा, बाजार आणि भावकी यांत तीच ती माणसे पुन्हा पुन्हा भेटतात, तेथे वाकडे दात आणि सुजलेल्या हिरड्या यांचे चित्र वर्गाच्या गटात फिरू लागले तर किशोरवयीन मुलीला किती क्लेश होतील याची कल्पना करवत नाही. म्हणून चित्र फक्त ओठांच्या आतले असावे, चेहरा ओळखू येणार नाही असे कापून घ्यावे, आणि ते डॉक्टरांच्या क्रमांकावरच जावे. फुकट मिळणारी ॲप वापरताना ती मुलाच्या नावाची, वयाची व छायाचित्रांची माहिती कोणाकडे सुपूर्द करतात हेही पाहिले पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची खातरजमा करता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आहे आणि मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींना मज्जाव केला आहे. हा कायदा आपल्या बाजूचा आहे, तो ठाऊक असावा.

मग या व्यवस्थेचा भार कोणी उचलावा? जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर २०२१ साली मौखिक आरोग्यासाठी मोबाइलचा उपयोग कसा करावा याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. २०१९ पासून आपल्या देशात ई-संजीवनीच्या द्वारे दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची वाट रुळली आहे. आणि २०१३ साली पालघर येथून देशभर आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळाशाळांतून मुलांची तपासणी करतात, तीत दातांचाही समावेश आहे. साहित्य सगळे जागेवर आहे. ते एकत्र आणणारा हात हवा. बाजारात मिळणारी बहुसंख्य ॲप इंग्रजीत आहेत, आणि जी आजी मुलाला रात्री झोपवते तिला ती वाचता येत नाहीत. तिच्यासाठी मराठीतला, मराठवाडी बोलीच्या जवळचा, अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश कोणत्याही सुबक ॲपपेक्षा अधिक कामाचा आहे. घाटीच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालयात अध्यापक आहेत, शिकणारे तरुण डॉक्टर आहेत, आणि फुलंब्री, सिल्लोड, कन्नड, खुलताबाद येथून येणारे रुग्णही आहेत. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी एका विद्यार्थ्याने अध्यापकांच्या देखरेखीखाली तासभर बसून रुग्णांची छायाचित्रे पाहावीत व प्रत्येकाला दोन ओळींचे किंवा दोन वाक्ये बोलून उत्तर द्यावे, एवढी तजवीज करण्यास मोठ्या निधीची किंवा नव्या फर्मानाची अपेक्षा नाही. आणि वर्षभराने या मुलांच्या दातांची मोजदाद इतरांशी ताडून पाहिली, तर मराठवाड्यातील मुलांविषयीचे आपले स्वतःचे निष्कर्ष हाती येतील. १९६५ साली स्थापन झालेल्या इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीच्या सभासदांपैकी जे तालुक्यांच्या गावी दवाखाने चालवितात, त्यांनाही हे आपल्या पातळीवर उद्यापासून करता येईल.

ज्यांच्या घरी तारा लावलेले मूल आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे: पुढच्या तारखेला दवाखान्यात जाल तेव्हा खुर्चीवरून उठण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. आरंभीच्या छायाचित्रांची प्रत मिळेल का, मधल्या पंधरवड्यात चित्रे कोणत्या क्रमांकावर पाठवू, आणि त्यांचे उत्तर कोणत्या वारी येईल. मिळालेला वार मुलाच्या हाताने फोनमध्ये लिहवून घ्या, आणि त्याच रात्री जेवणानंतरचा गजर लावा.